भाडं न भरणाऱ्यांची मेहनत

गेल्या डिसेंबरात पार्ल्याच्या एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह, जे घरात कुठे ठेवायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ओळख करून देताना निवेदकांनी ठेवणीतलं वाक्य काढलं : ‘गिरगावातल्या दहा बाय पंधराच्या खोलीतून निघालेल्या या तरुणाने शून्यातून विश्व निर्माण केलं.’ सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘तरुण’ ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी गप्प बसलो. विश्व म्हणजे ६० माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. तेही चालवून घेतलं. शून्य मात्र टोचलं. कारण ज्या खोलीकडे ते गरिबीचा दाखला म्हणून बोट दाखवत होते, तीच माझं भांडवल होती.

खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने आजोबांनी घेतलेली. भाडं महिना १६८ रुपये. पावती यायची पातळ गुलाबी कागदावर, आणि भाडेकरू म्हणून आजोबांचंच नाव, ते जाऊन वीस वर्षं उलटली तरी. आई त्या पावत्या सुतळीत बांधून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायची. २००९ साली नोकरी सोडून मी धंद्यात उतरलो तेव्हा गिरगावात राहण्याचा माझा खर्च एवढाच. वडील म्युनिसिपालिटीतून निवृत्त झालेले, पेन्शन चालू. आई दोन वेळा वाढत होती आणि ‘काही जमतंय का रे?’ यापलीकडे विचारत नव्हती.

माझ्याबरोबर भागीदार होता. व्हीजेटीआयमधला वर्गमित्र, मूळचा लातूर जिल्ह्यातला. आमच्या दोघांतला चांगला प्रोग्रॅमर तो. हे मी विनयाने म्हणत नाही, अख्ख्या कंपनीला माहीत आहे. त्याने लिहिलेलं रिपोर्टचं मूळ मॉड्यूल आजही आम्ही जसंच्या तसं चालवतो, कारण त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबसाठी होतं. नमुना आला की बारकोड चिकटवायचा, मशीनमधून आकडे उचलायचे, डॉक्टरांनी तपासले की रिपोर्ट छापायचा. वर्षभरात एक मोठं गिऱ्हाईक लागलं, बऱ्याच शाखा असलेलं. काम वेळेत दिलं. बिल ४ लाख २० हजारांचं. ते पैसे यायला अकरा महिने लागले. तेवढ्या काळात त्यांच्या अकाउंट्समधल्या बाईंचा आवाज मला घरच्या माणसासारखा ओळखीचा झाला. ‘सरांची सही राहिलीय.’ मग, ‘सर बाहेरगावी आहेत.’ मग, ‘तुमचं बिल परत एकदा मेल करता का?’

मित्र घणसोलीत तिघांत मिळून भाड्याने राहत होता. भाड्याचा वाटा, खानावळ, गावी आईला पाठवायचे पैसे, धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी. त्याने आठ महिने काढले. शेवटच्या दोन महिन्यांत तो रात्री कुणाकुणाच्या वेबसाइट करून द्यायचा आणि दिवसा आमचं काम. आठव्या महिन्याच्या अखेरीस ऐरोलीच्या एका कंपनीत रुजू झाला. भांडण झालं नाही. सीएसएमटीच्या बाहेर चहा घेतला, त्याने लॅपटॉप माझ्या हवाली केला, पासवर्ड एका बिलाच्या पाठीमागे लिहून दिले. चेक आला अकराव्या महिन्यात.

मधल्या तीन महिन्यांना काय म्हणायचं? मेहनत म्हणावं तर त्या तीन महिन्यांत मी विशेष काही केलं नाही. फोन केले, वाट पाहिली, आईच्या हातचं जेवलो.

यशस्वी उद्योजकाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, रक्ताचं पाणी केलं म्हणून झालं. दुसरी म्हणते, बापाने पैसे दिले, त्यात काय मोठं. दोघींच्या खिशात दाखले तयार. जेफ बेझोस यांच्या आईवडिलांनी १९९५ साली अ‍ॅमेझॉनमध्ये २ लाख ४५ हजार ५७३ डॉलर घातले होते, हा दुसऱ्या पार्टीचा आवडता आकडा. त्यावर पहिली म्हणते, इतके पैसे असलेली कुटुंबं अमेरिकेत ढिगाने होती, अ‍ॅमेझॉन एकच निघाली. दोघींचं खरं असतं आणि गाडी तिथेच अडते.

मला वाटतं, गाडी अडते ती ‘घरचं पाठबळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेक येतो म्हणून. बिल गेट्स यांचं उदाहरण घ्या. वडील नामांकित वकील, आई मोठ्या संस्थांच्या मंडळांवर, हे सगळं होतंच. पण निर्णायक गोष्ट बरीच साधी होती. सिएटलच्या लेकसाइड शाळेतल्या मुलांच्या आयांनी १९६८ साली जुन्या वस्तू विकून पैसे उभे केले आणि त्यातून शाळेत कंप्युटरला जोडलेलं टेलिटाइप यंत्र बसलं. त्या काळात कित्येक कॉलेजांतल्या मुलांनाही कंप्युटर हाताळायला मिळत नव्हता. इथे आठवीतला मुलगा त्याच्यापुढे तासन्‌तास बसू शकला. लेकसाइड नसती तर मायक्रोसॉफ्टही नसती, असं खुद्द गेट्स यांनीच सांगून ठेवलं आहे. त्या शाळेतल्या इतर मुलांनाही ते यंत्र मिळालं होतं आणि त्यातले फारच थोडे त्याला चिकटले, हेही तितकंच खरं. म्हणजे गेट्स राबले. पण राबायला तास कुठून आले, तर शाळेतून, आणि शाळा कुठून आली, तर घरातून.

घर देतं तो वेळ. दिवसाचे तासही देतं आणि वाट पाहण्याचे महिनेही. पैसा हा त्या वेळेचा एक प्रकार, इतकंच. म्हणून ‘मेहनत की घराणं’ असा हिशेब दोन रकान्यांत मांडताच येत नाही. मेहनतीच्या रकान्यात जे तास लिहिले जातात, त्यातले निम्मे दुसऱ्या कुणीतरी भरलेले असतात.

आपल्याकडची सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट पाहा. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस निघाली तेव्हा सुधा मूर्ती यांनी साठवलेले १० हजार रुपये नारायण मूर्तींना दिले. शाळामास्तरांचा मुलगा, आयआयटीत प्रवेश मिळूनही पैशांअभावी आधी म्हैसूरच्या कॉलेजात शिकलेला. त्यामुळे ही गोष्ट कष्टाच्या पार्टीची शान आहे. पण सुधाताई ती सांगतात तेव्हा पैशांच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते : तीन वर्षं घराचं मी बघते. माझ्या लेखी ती तीन वर्षं त्या १० हजारांच्या कितीतरी पट मोठी. इंजिनिअर बायकोचा पगार दर महिन्याला घरात येतोय, हे मूर्तींचं भांडवल होतं. त्याला श्रीमंती म्हणता येणार नाही. पाठबळ नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

याच मूर्तींनी २०२३ च्या ऑक्टोबरात तरुणांना आठवड्याला ७० तास काम करा म्हणून सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० तासांची वरचढ बोली लावली. टीका झाली ती बहुतेक ‘जगायचं कधी?’ या अंगाने. मला दुसरीच शंका आली : हे तास कुणाच्या घड्याळातले?

आठवड्याचे तास १६८. (आमच्या खोलीचं भाडंही तितकंच होतं, हा योगायोग मला हे लिहिताना सापडला.) बदलापूरहून अंधेरीच्या सीप्झ या उद्योग वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलाला दारापासून दारापर्यंत दोन तास धरा, येताना दोन. सहा दिवसांचे २४ तास. ७० तास कामाचे. झोपेचे सात प्रमाणे ४९. उरले २५, म्हणजे दिवसाला साडेतीन तास. त्यात पाणी भरणं, डबा, अंघोळ, आजारी वडिलांना दवाखान्यात नेणं, आणि ती मुलगी असेल तर संध्याकाळचा स्वयंपाकही. पवईत राहून ऑफिसला चालत जाणाऱ्याकडे या २४ तासांतले निदान २० शिल्लक असतात. वर्षाला हजार तास. त्यात तो एखादं अ‍ॅप लिहून टाकेल, आणि ती मेहनतच असेल; त्याची झोप उडालेली असेल, पाठ धरलेली असेल. पण घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर अर्धा तास रेंगाळणाऱ्या मुलीची पाठही धरलेलीच असते. तिच्या त्या तासांची नोंद कुठल्याही यशोगाथेत नसते, कारण त्यातून काही तयार होत नाही.

मार्च २०२४ मध्ये मूर्तींनी आपल्या चार महिन्यांच्या नातवाला इन्फोसिसचे १५ लाख शेअर भेट दिले. किंमत त्या वेळी २४० कोटींच्या घरात. व्यवहार कायद्याने चोख, आणि आजोबांनी नातवाला काय द्यावं हे विचारणारे आपण कोण. माझ्याही आजोबांनी मला खोली दिलीच की. उद्या त्या मुलाने कंपनी काढली आणि दिवसाचे सोळा तास राबून नावारूपाला आणली, तर त्याची मेहनत नकली ठरेल का? मुळीच नाही. फक्त त्याला कुठल्याही चेकची किती महिने वाट पाहता येईल, हे मनात धरून त्याची गोष्ट ऐकावी.

आता ‘बापाच्या पैशावर’ म्हणणाऱ्या पार्टीविषयी, जी मराठी घरांत जरा जोरात असते. गुजराती-मारवाडी पोरांचं यश दिसलं की आपण हेच वाक्य टाकून मोकळे होतो. यात आळस आहे. नुसत्या पैशाने होत असतं तर मुंबईतल्या कितीतरी धनाढ्य घराण्यांच्या तिसऱ्या पिढीने बंगले विकले नसते. वेळ मिळाला म्हणून कुणी तो वापरेलच असं नाही. शिवाय या घरांतून मुलांना जे मिळतं ते बरंचसं पैशाच्या रूपात नसतंच. आमच्याकडे जेवताना विषय असायचा महागाई भत्ता आणि वेतन आयोग. काळबादेवीतल्या माझ्या एका वर्गमित्राकडे मी एकदा जेवायला थांबलो होतो, तर तिथे विषय उधारीचा. त्याचे काका त्याला समजावत होते : वसुलीला शनिवारी जायचं, दुपारी जेवणाच्या आधी, आणि समोरच्याने कितीही आग्रह केला तरी त्याचा चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की आवाज खाली येतो. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. मी ही गोष्ट त्या अकाउंट्सच्या बाईंकडून एकतिसाव्या वर्षी शिकलो, आणि तोवर बरेच चहा पिऊन झाले होते.

उलट बाजूने क्विक हीलचे कैलाश काटकर. सातारा जिल्ह्यातलं कुटुंब, दहावीनंतर शिक्षण सुटलेलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचं दुरुस्तीचं काम. तिथून अँटिव्हायरस बनवणारी कंपनी, आणि २०१६ साली ती शेअर बाजारात. कष्टाचं याहून खणखणीत नाणं दाखवा. पण ती कंपनी दोन भावांची आहे. थोरला दुकानात हार्डवेअर दुरुस्त करत होता, म्हणून धाकटा, संजय, कंप्युटर शिकू शकला आणि व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहीत बसू शकला. बापाच्या पैशाची जागा इथे भावाच्या स्क्रू ड्रायव्हरने घेतली. आपल्याकडे याला कुणी विशेषाधिकार म्हणणार नाही, ‘मोठ्या भावाने शिकवलं’ म्हणतील. तरी काम तेच झालं : एकाने दुसऱ्यासाठी वेळ विकत घेतला.

हा वेळ स्वतःचा स्वतः कमावून ठेवणारेही असतात. फाल्गुनी नायर यांनी २०१२ साली मुंबईत नायका ही सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी कंपनी काढली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कोटक महिंद्रा या वित्तसमूहातल्या मोठ्या हुद्द्यावरून बाहेर पडून. नवराही वित्तक्षेत्रात वरच्या जागी. वीस-पंचवीस वर्षांच्या पगाराची शिदोरी बांधून धंद्यात उतरणं मला प्रामाणिक वाटतं, पण विसाव्या वर्षी कॉलेज सोडणाऱ्या मुलांची पोस्टर लावणाऱ्यांना ते तितकंसं भावत नाही. कॉलेज सोडण्याचं कौतुक करताना ते कुठलं कॉलेज, हेही विचारावं. किराणा घरपोच देणाऱ्या झेप्टोच्या दोन संस्थापकांनी सोडलं ते स्टॅनफर्ड. नांदेडच्या मुलाने डिप्लोमा अर्धवट सोडला तर त्याला ड्रॉपआउट म्हणत नाहीत, नापास म्हणतात.

मग याचं करायचं काय? घरं समान करता येत नाहीत, आणि कुणाच्या आईला भाकरी वाढू नको म्हणून सांगता येत नाही. १९८५ साली आपण इस्टेट ड्यूटी, म्हणजे वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवरचा कर, रद्द केली. तिच्यातून उत्पन्न नगण्य होतं, आणि ती परत येईल अशी चिन्हंही नाहीत. मला त्या वादात फार रस नाही. मला रस आहे तो ज्यांना घर वेळ देऊ शकत नाही त्यांना तो दुसरीकडून कसा मिळेल यात, आणि या शहराने तो पूर्वी दिलेला आहे म्हणून.

१९५८ साली आयआयटी मुंबईची पहिली तुकडी भरली ती पवईत नव्हे, वरळीला सस्मिरा या कापड संशोधन संस्थेच्या इमारतीत. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत मदत, बाकी पैसा सरकारचा. आज ज्या पवईच्या स्टार्टअपचं आपण कौतुक करतो, त्यांच्या मुळाशी वसतिगृहाची स्वस्त खोली आणि रात्रभर उघडी प्रयोगशाळा आहे. लाखो मुलांतून तिथे पोचणं ही मेहनत. पोचल्यावर चार वर्षं भाड्याची चिंता नसणं हे लोकांच्या पैशाने दिलेलं घर. ओला या टॅक्सी कंपनीची सुरुवात याच आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१० साली मुंबईतच केली.

माझी १६८ रुपयांची पावतीसुद्धा आकाशातून पडली नव्हती. ती भाडी गोठवणाऱ्या १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने छापली. त्याची किंमत घरमालकाने मोजली, आणि इमारतीनेही. शेवटी शेवटी आमच्या मजल्याच्या व्हरांड्याला टेकू लावले होते आणि पावसाळ्यात आम्ही त्या बाजूने चालत नसू. माझ्या कंपनीचा पहिला गुंतवणूकदार आमचा घरमालक, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. हा कायदा चांगला होता असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या आजोबांना मुंबईत वेळेवर खोली मिळाली त्यांच्या नातवंडांना त्याने भांडवल दिलं, आणि लातूरहून आलेल्याला त्याच शहरात बाजारभाव.

आता धोरणं आहेत, नाही असं नाही. १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया आली, करसवलती आल्या, निधी आले. पण त्यातलं पुष्कळसं कंपनी कंपनीसारखी दिसू लागल्यावर मिळतं. माझा मित्र त्याच्या आधीच गळाला. त्याला काय हवं होतं? पहिलं, आमचे पैसे. २००६ च्या कायद्यानुसार छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. तो कायदा २००९ मध्येही होता. आमची नोंदणीही होती. पण तक्रार करायची म्हणजे एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकाशी वैर घ्यायचं, ते कोण घेणार? अलीकडे आयकर कायद्यात बदल झाला आहे. छोट्या उद्योगाचं बिल मुदतीत भरलं नाही आणि वर्षअखेरही ते थकलेलंच असलं, तर मोठ्याला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही. दुखणाऱ्याने तक्रार करायची गरज नाही, दुखवणाऱ्याचाच खिसा दुखतो. अशी एक तरतूद मला दहा गुंतवणूक महोत्सवांपेक्षा मोलाची वाटते, कारण ती तीन महिने परत मिळवून देते. दुसरं, राहायला जागा. नोकरीच्या किंवा धंद्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी, रेल्वे स्टेशनाजवळ, साधी, स्वच्छ, परवडणारी वसतिगृहं. मुलींसाठी तर आधी. इनोव्हेशन हब नावाच्या काचेच्या इमारतीला फीत कापायला सगळे येतात, वसतिगृहाला कुणी येत नाही, हा त्यातला राजकीय दोष.

त्याच वरळीत, सस्मिरा जिथे आहे तिथे, अभ्यास गल्ली आहे. बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पाच-सहा माणसं, टीव्ही आणि शिलाई मशीन असताना वाचायला जागा नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलं या रस्त्यावर दिव्याखाली बसून शिकली. तिथे मी एकदा एका मुलाला पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून टायपिंगचा सराव करताना पाहिलं. बोटं खरोखरच वेगात पडत होती. त्याच्याकडे मेहनत किती होती हे मला कुणी सांगायला नको.

सत्काराच्या रात्री मी मित्राला फोन केला. तो आता एका बँकेच्या आयटीत बऱ्या हुद्द्यावर आहे. बदलापूरला घर घेतलंय, हप्ते अजून नऊ वर्षं. गाडीतच होता. ‘शून्यातून विश्व’ ऐकून तो इतका हसला की शेजारच्या कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मग म्हणाला, ‘खोलीचं काय झालं लेका?’

मी सांगितलं, इमारत पुनर्विकासाला गेली, पाडूनही झाली.

‘म्हणजे १६८ रुपये वाचले तुझे.’

म्हटलं, ‘नाही रे, आता भाडं उलटं येतं. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर दर महिन्याला आम्हाला देतो.’

‘किती?’

मी आकडा सांगितला.

‘माझ्या हप्त्यापेक्षा जास्त आहे की,’ तो म्हणाला. पुढे काहीतरी बोलत होता, पण पलीकडून ‘बदलापूर? उतरायचंय का?’ असा आवाज आला आणि फोन बंद झाला.